हट

लेलँड, तुझा चेहरा मला नीटसा आठवत नाही.
मी सेंटर. चार वर्षं वाकून उभा,
मूठ गवतावर, मुठीत बॉल,
समोर तीनशे पौंडांचा कुणीतरी
माझ्या बहिणीबद्दल काहीबाही बोलणारा.
तू मागे. तू म्हणजे जोडलेली दोन मनगटं
आणि एक आवाज:
निळा ऐंशी, निळा ऐंशी, हट.

घाबरलास की तुझा डावा अंगठा थरथरायचा.
हे कोच बर्क्विस्टना ठाऊक नव्हतं, तुझ्या आईलाही नसावं.
स्काउट आले घड्याळं घेऊन,
त्यांनी तुझी उंची मोजली, ताणलेला पंजा मोजला
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
नऊ इंच आणि वर जरासं.
अंगठ्याचं मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी सांगितलं नसतं.

नोव्हेंबरात जेम्स नदीकडून वारा सुटला
की बॉलची वीट व्हायची.
तू बोटांवर फुंकर घालायचास, मला ऐकू यायची.
शेवटच्या वर्षी, शेवटचे नऊ सेकंद,
तू फेकलास. मी पाहिलं नाही.
मी चिखलात उताणा, अंगावर एक माणूस आडवा,
पण सहा हजार लोकांनी श्वास रोखलेला ऐकला
आणि मग जे उसळलं त्यावरून कळलं
बॉल कुणाच्या हातात पडला ते.

ड्राफ्टचे तीन दिवस तुमच्या स्वयंपाकघरात.
तुझ्या आईनं तीच हॉटडिश तीनदा गरम केली.
फोन एकदा वाजला, दातांच्या डॉक्टरचा.
शनिवारी, लोक आपापले कोट शोधत असताना,
पुन्हा वाजला.
सहावी फेरी.
तू नुसतं "हो सर" म्हणालास. सात वेळा. मी मोजलं.

त्यानंतर तू टीव्हीत, मैदानाच्या कडेला,
टोपी उलटी, हातात पाटी,
दुसऱ्यांचे पास लिहून ठेवणारा.
मी इथे धान्याच्या कोठारावर, मक्याचा ओलावा तपासत.
मार्लिस घरातून ओरडायची, "दाखवताहेत, दाखवताहेत!"
मी बूट काढून पोचेपर्यंत ट्रॅक्टरची जाहिरात.

तिसऱ्या डिसेंबरात पहिल्याचा खांदा गेला,
दुसऱ्याचा घोटा,
आणि तुला स्वतःचं हेल्मेट शोधावं लागलं.
अकरा पास. चार आपल्यांच्या हातात, दोन त्यांच्या.
सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं,
मी त्या सेंटरकडे.
तो बॉल उशिरा देत होता, लेलँड.
अर्धा श्वास उशिरा. कुणीच काही बोललं नाही.

मंगळवारी कुणीतरी तुझ्या दारावर टकटक केली:
साहेबांनी बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये.
तोच शब्द, फक्त या खेपेला
म्हणणारा दुसरा.
मग अजून दोन संघ, मग कॅनडा,
जिथे मैदान दहा यार्डांनी लांब
आणि संधी एकानं कमी.
तिथून तू एक पोस्टकार्ड पाठवलंस.
त्यावर मूस होता. मागे काही लिहिलं नव्हतंस.

आज तू वजनकाट्यावर गाडी घेतलीस,
सवयीनं मी आकडा टिपला,
मग वर पाहिलं.
कपाळ मोठं झालंय. हा चेहरा होता तर.
कोठारामागे माझ्या पोरीचा बॉल पडला होता,
अर्धी हवा गेलेला.
"एकदा दे," म्हणालास.

गुडघा कडकड वाजला. वाकलो.
पायांमधून दिसलं: कोठारं खाली लोंबणारी,
त्यांच्याखाली आकाश, आणि तुझे बूट,
शहरातले, धूळ बसायला लागलेले.
मग हात आले. तेच.
मी अंगठ्याची वाट पाहिली.

तो हलला नाही.
इतका स्थिर की मलाच धडकी भरली.

म्हण ना, लेलँड.
रांगेत तीन ट्रक खोळंबलेत.